फ्रीजर गार, खालचा कप्पा कोमट

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी फ्रीजमधलं दूध नासलं. वर फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खाली पाण्याची बाटली कोमट. आमचा फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. दूध गेलं तर गेलं, पण त्यातच सासूबाईंचं इन्सुलिन असतं. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत राहावी लागतात. ती आधी शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवली.

घरी जमेल ते केलं. मागची धूळ काढली, फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला, दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून पाहिली. घट्ट होती. मग कंपनीकडे तक्रार नोंदवली.

तंत्रज्ञाने कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस कमी झालाय. 2800 रुपये लागतील." फ्रीजर उघडून पाहिला नाही. मी विचारलं, गॅस नाही तर वर बर्फ कसा? "होतं असं." विचार करून सांगते म्हटलं. जाताना त्याने मोबाइलवर आलेला कोड मागितला, "मी येऊन गेल्याची नोंद" म्हणून. मी दिला. संध्याकाळी मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. त्या मेसेजचा राग अजून गेलेला नाही. तो कोड म्हणजे काम झाल्याची आपली कबुली असते. काम खरंच झाल्याची खात्री पटल्याशिवाय तो कुणालाही देऊ नका, कितीही गोड बोलून मागितला तरी.

पुन्हा तक्रार, नवा नंबर, चार दिवसांनंतरची तारीख. मधे दोन दिवस आम्ही चैत्रोत्सवासाठी सप्तशृंगी गडावर गेलो. फ्रीज रिकामा करून, बंद करून, दारं उघडी ठेवली होती. आल्यावर चालू केला तर खालचा कप्पा छान गार! तेवढ्यात सेंटरमधून फोन आला, "चालू झालाय ना? मग तक्रार बंद करतो." मी आनंदाने हो म्हणाले. सहाव्या दिवशी पुन्हा बाटली कोमट. आता फोनवर एकच उत्तर, "मॅडम, तुमची तक्रार तर बंद दिसतेय." तिसरा नंबर घ्या, पहिल्यापासून सगळं सांगा, आणि थांबा. सिडकोतल्या आमच्या घरात दुपारी भट्टी तापलेली आणि सासूबाईंच्या प्रत्येक इंजेक्शनसाठी मी काकूंचं दार वाजवत होते.

शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दोन्ही बंद तक्रारींचे नंबर देऊन तक्रार केली. ते मेसेज मी पुसले नव्हते, तेच कामी आले. तिसऱ्या दिवशी सेंटरमधला अनुभवी माणूस आला. गडाची गोष्ट ऐकताच त्याने फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनेल उघडलं. कॉइलवर बर्फाची भिंतच होती! या फ्रीजमध्ये गारवा त्या कॉइलपाशी तयार होतो आणि पंखा तो खाली ढकलतो. कॉइलवर साचणारा बर्फ डीफ्रॉस्ट हीटर अधूनमधून वितळवतो. आमचा हीटर जळाला होता, म्हणून हवेची वाट बुजली. दोन दिवस बंद ठेवल्यावर बर्फ आपोआप वितळला होता, म्हणूनच फ्रीज पाच दिवस नीट चालला. गॅस कमी असता तर बर्फ कॉइलच्या एखाद्या कोपऱ्यातच दिसला असता, हेही त्यानेच सांगितलं. म्हणून वर बर्फ आणि खाली कोमट असेल, तर गॅस भरायला हो म्हणण्याआधी ते पॅनेल उघडायला लावा.

हीटर बदलला, 1150 रुपये झाले. कोड मी नवा हीटर वीज घेतोय हे त्याच्या तपासणीच्या मीटरवर पाहूनच दिला.

आणखी एक, थर्मामीटर नुसता कप्प्यात ठेवू नका. पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर ठेवा, मगच आकडा खरा कळतो. मी आठवडाभर रोज सकाळी पाहिला, 4 अंश. आठव्या दिवशी काकूंकडून इन्सुलिन घरी आणलं.