शून्य नंबरचं पोर्ट

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात चार पोर्टच्या सिरियल कार्डचा जुना लिनक्स ड्रायव्हर ६४ बिटच्या बोर्डवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. कंपाइल करताच वॉर्निंगची रांग. जुन्या ३२ बिटच्या बोर्डवर इंट (साधा पूर्णांक) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दोन्ही ४ बाइटचे, म्हणून तिथे कुणाला काही खटकलं नव्हतं. इथे पॉइंटर ८ बाइटचा.

मूळ लिहिणाऱ्याने केलं होतं ते नेहमीचंच. कॉलबॅकला, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) नंतर हाक मारतं त्या फंक्शनला, व्हॉइड पॉइंटर (कशाचाही पत्ता) मिळतो, आणि सांगायचा असतो फक्त पोर्ट नंबर. मग नंबरच कास्ट करून, म्हणजे तोच पत्ता आहे असं भासवून, धाडला. लूपमध्ये मोजणी करणाऱ्या 'आय'चा पत्ता देण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण कॉलबॅक चालेपर्यंत तो 'आय' पुढे सरकलेला असतो.

मधे यूइंटपीटीआर_टीचं (पॉइंटर मावेल अशा पूर्णांकाचं) कास्ट घातलं, वॉर्निंग गेल्या. बोर्डवर चढवलं तर १, २, ३ चालू आणि ० उघडायलाच तयार नाही. लॉगमध्ये उणे २२, म्हणजे ईआयएनव्हीएएल, चुकीची किंमत दिल्याची एरर.

लॅबमधून निरोप आला, "तुझं झिरो पोर्ट मेलंय रे. कार्ड बदलून देऊ का?"

कार्ड ठणठणीत होतं. नव्या बोर्डवर चारही पोर्टना इंटरप्टची (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकेची) एकच लाइन, त्यामुळे लाइन वाटून घेण्याचा फ्लॅग आयआरक्यूएफ_शेअर्ड लावणं भाग. आणि शेअर्ड लाइनवर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) नोंदवणारं रिक्वेस्ट_आयआरक्यू शेवटचा पॉइंटर नल (शून्य पत्ता) घेत नाही. फ्री_आयआरक्यूच्या वेळी कुणाचा हँडलर काढायचा हे कर्नल त्याच पॉइंटरवरून ओळखतं. पोर्ट ० कास्ट केला की नलच!

"एक मिळवून पाठव ना," असं सुचवलं गेलं. चाललंही असतं. पण त्याच लाइनवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरनेही १ पाठवला, तर काढताना भलत्याचाच हँडलर निघायचा. म्हणून प्रत्येक पोर्टच्या स्ट्रक्चरचा (त्याची माहिती एकत्र ठेवलेल्या जागेचा) पत्ता दिला. तो दोघांचा सारखा असूच शकत नाही. नंबर त्या स्ट्रक्चरच्या आत.

टायमरचं तर नव्याने लिहावंच लागलं. पूर्वी टायमरच्या कॉलबॅकला अनसाइन्ड लाँग, म्हणजे एक पूर्णांकच, मिळायचा. २०१८ च्या ४.१५ कर्नलपासून टायमरचाच पॉइंटर मिळतो, आणि त्यावरून आपलं स्ट्रक्चर शोधायचं. कटकट वाटली, पण कास्टचा प्रश्नच मिटला.

डिव्हाइस ट्रीशी (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनाशी) ड्रायव्हर जुळवणाऱ्या मॅच टेबलात मात्र मॉडेलचे नंबर पॉइंटर म्हणूनच ठेवलेत. तिथे ते फक्त वाचायचे असतात. सुरुवात १ पासून, कारण काहीच जुळलं नाही तरी तिथून नलच येतो.