लुआन्श्यामधला ऑक्टोबरचा शनिवार

झांबियाच्या कॉपरबेल्टमधील लुआन्श्या या खाणींच्या गावी मी १९८१ ते १९९२ अशी अकरा वर्षे गणित शिकवले. आमच्या माध्यमिक शाळेचे वार्षिक संमेलन, ज्याला तिकडे सगळे प्राइज गिव्हिंग म्हणत, ऑक्टोबरातील एका शनिवारी भरत असे. तेव्हा रस्त्यावर जॅकरंडाचा जांभळा सडा पडलेला असे आणि पावसाला अजून काही आठवडे अवकाश असे. (ऑक्टोबर हा तिकडचा सर्वांत तापलेला महिना, हे नागपूरच्या पाहुण्यांना कितीही सांगितले तरी पटत नाही.) राष्ट्रगीत, प्रार्थना, अहवालवाचन, प्रमुख पाहुण्यांचे भाषण आणि बक्षिसे यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. अहवाल बहुतेक वर्षी मीच लिहीत असल्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो.

मी वाट पाहत असे ती त्यानंतरच्या अर्ध्या तासाची. खाणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ दर वर्षी गावाचा इतिहास सांगायला येत. सगळी शाळा त्यांना बाशिकुलु म्हणे. बेम्बा भाषेत शिकुलु म्हणजे आजोबा, आणि आधीचा ‘बा’ आदराचा, आपल्या ‘राव’सारखा, फक्त नावाच्या आधी लागणारा. ‘म्वाइसेनी मुक्वाइ’, म्हणजे या, यावे, असे म्हणून ते सुरुवात करत आणि आधी पुस्तकातली गोष्ट सांगत. १९०२ साली विल्यम कॉलियर नावाच्या गोऱ्या शोधकाने रोअन जातीचे हरीण मारले, ते पडले त्या खडकावर तांब्याची हिरवी झाक दिसली आणि म्हणून खाणीचे नाव रोअन अँटिलोप पडले. मग थोडे थांबून ते विचारत, “आणि आमच्या लोकांना हिरवा दगड दिसत नव्हता?” नदोलाजवळच्या ब्वाना म्कुब्वाला गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासून तांबे काढले जात होते, हे ते मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेत.

पुढे नदीतल्या फुन्क्वे नावाच्या मोठ्या सापाची दंतकथा येई, आणि तिला जोडून मलेरियाची हकीकत. खाण उभी राहत होती तेव्हा मजूर तापाने दगावत आणि उरलेले सापाच्या भीतीने पळून जात. १९२९ नंतर माल्कम वॉटसन या डॉक्टरांच्या सल्ल्याने दलदलीचे पाणी चर खणून काढले गेले, तेव्हा कुठे लोक टिकू लागले. त्यानंतर बाशिकुलुंचा आवाज खाली येई. २९ मे १९३५ या दिवशी, वाढवलेल्या करामुळे चिडलेले कामगार कंपाउंडच्या, म्हणजे खाणमजुरांच्या वस्तीच्या, कचेरीसमोर जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सहा माणसे मेली. त्या वेळी ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि त्यांनी तो आवाज घरातून ऐकला होता. ते एका हाताची पाच बोटे आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर धरत, आणि त्याविषयी एवढेच बोलून थेट सिनेमावर येत.

या उडीची मला पहिल्या वर्षी गंमत वाटली होती. खाण कंपनी कामगारांना उघड्यावर सिनेमा दाखवी, तो बहुधा काउबॉयचा असे, आणि प्रेक्षक नायकाला ओरडून सूचना देत. ते ओरडणे बाशिकुलु करून दाखवत. १९४९ साली निघालेला, दांडा तुटलेल्या पातेल्यासारखा दिसणारा निळा ‘सॉसपॅन’ रेडिओ, जो त्यांनी पाच पौंड साठवून घेतला होता, तो बंद पडलेला असूनही ते कापडात गुंडाळून आणत आणि टेबलावर ठेवत. मग बोटांची बंदूक करून ते पहिल्या रांगेतल्या मुलांवर रोखत आणि मुले किंचाळून हसत. ज्या बोटांवर त्यांनी आताच सहा मेलेले मोजले होते, त्याच बोटांची ती बंदूक असे, हे माझ्या लक्षात यायला तीन संमेलने जावी लागली. त्यानंतर त्या क्षणी मी मान खाली घालून बक्षिसांची यादी चाळत असे.

शेवटी ‘कलेला’ नावाचे नृत्य. ते याच गावच्या मजुरांनी रविवारच्या सुटीत रंगवले. मिचेल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ते १९५१ साली येथेच पाहून त्यावर लिहिले, याचा गावाला अभिमान होता. नाचणारे कडक इस्त्रीच्या पँटी आणि चकचकीत बूट घालून येत. तेलाच्या पिंपावर कातडे चढवून ढोल केलेला असे. एक जण पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस लावून डॉक्टर होई आणि एक मुलगी परिचारिका होऊन प्रत्येक नाचणाऱ्यापुढे आरसा धरी, आपण नीटनेटके आहोत ना हे त्याने पाहावे म्हणून. गाण्यांत इतर जमातींची टर उडवलेली असे, लग्नात विहिणीची उडवावी तशी, आणि कोणी रागवायचे नाही हा नियम. मुलांनी त्यात शिक्षकांची भर घातली होती. बाजारात भेंडीचा भाव विचारून पुढे जाणारे गणिताचे मास्तर दर वर्षी एका कडव्यात असत.

हे सगळे पाहायला जेवढे लोक यायला हवे होते तेवढे कधी आले नाहीत. त्याच दुपारी रोअन युनायटेड या गावच्या फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावर सामना असला की पुरुष पालक निम्मे गळत. गॉडफ्रे चितालू या नामांकित फुटबॉलपटूच्या जन्मगावात हे क्षम्य मानले जाई आणि मीही मानतो. आमच्या भारतीय मंडळींना मात्र मी अजून क्षमा केलेली नाही. ती चहाच्या वेळेला येत आणि “कार्यक्रम छान झाला म्हणे” असे मलाच सांगत.

१९९७ मध्ये खाण खासगी मालकीकडे गेली आणि तीनच वर्षांनी ती कंपनी बुडाली. बाशिकुलु त्याआधीच वारले होते, असे एका विद्यार्थ्याच्या पत्रातून कळले.

संमेलन ज्यांच्यामुळे उभे राहत होते त्यांची नावे माझ्या डायरीत आहेत. ती छापण्यास त्यांची संमती घेणे आता शक्य नाही, म्हणून कामावरून सांगतो. पहाटे चारपासून मक्याच्या पिठाची न्शिमा घोटणाऱ्या स्वयंपाकघरातील पाच जणी, आणि १९८६ साली पीठ मिळेनासे झाले तेव्हा घरची पोती घेऊन आलेली सहावी. स्टेन्सिल कापणारी टंकलेखिका. खाणीच्या सभागृहातला वायरमन, जो पैसे घेत नसे. बाशिकुलुंना आणणारा आणि पोहोचवणारा बसचालक. झगा शिवणाऱ्या गृहविज्ञानाच्या बाई. परिचारिकेची टोपी उसनी देणाऱ्या खाणीच्या इस्पितळातील सिस्टर. बक्षिसाच्या वह्या निम्म्या किमतीत देणारे गुजराती दुकानदार. ढोल बडवणारे दोघे पालक. त्यांतले एक सामना सोडून येत, हे वेगळे नोंदवतो. रात्री खुर्च्या मोजणारा राखणदार. आणि तो आरसा आमच्या न्हाणीघरातला होता. माझी पत्नी दर वर्षी तो खिळ्यावरून काढून, पुसून देत असे आणि सोमवारपर्यंत मी अंदाजाने दाढी करत असे. तिचा उल्लेख शाळेच्या एकाही अहवालात सापडणार नाही, कारण अहवाल मीच लिहीत असे.