तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायल रूमशेजारची पिवळ्या घागऱ्यातली बाई

दुकानात आलेलं गिऱ्हाईक माप देता देता विचारतंच, ताई ही भिंतीवरची पिवळ्या घागऱ्यातली बाई कोण, जुनी हिरॉईन आहे का? तर सांगते. ही कार्मेनसिता, स्पेनची नाचणारी, आणि चित्र काढलंय जॉन सिंगर सार्जंटनं, १८९० साली न्यूयॉर्कमध्ये. ओरिजिनल सात फुटांहून उंच आहे, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये. माझ्याकडचं नवी पेठेत काढलेलं प्रिंट.

मी सोलापुरात पंचवीस वर्षं शिवणकाम करते, त्यात लावणीवाल्या बायकांच्या शिवलेल्या नऊवाऱ्या जास्त, त्यामुळं मला आधी दिसली ती घागऱ्यावरची जर. मोबाईलवर झूम करून बघा, जरीचा धागा कुठंच नाहीये, नुसते ब्रशचे फटकारे, आणि जरा लांब धरलं की अख्खा घागरा चमकायला लागतो. जरीचं असंच असतं हो, टेबलावर सपाट पसरली तर मेल्यासारखी दिसते, चुणी पडली की घडीच्या कडेवर उजेड धरते. त्या माणसाला हे बरोब्बर कळलं होतं.

तो पैसेवाल्यांची पोर्ट्रेट करायचा, पण ही कुणी ऑर्डर न देता काढली. ती एका जागी थांबायला कंटाळायची, तर म्हणे हा नाकाला लाल रंग लावून तिला रमवायचा.

त्याच वर्षी विल्यम मेरिट चेसनंही तिला काढलं, त्यात ती नाचतेय आणि पायाशी लोकांनी फेकलेली फुलं आणि कडं पडलंय, म्हणजे आपली दौलतजादाच की. तेही छान आहे. पण सार्जंटनं नाच काढलाच नाही. हात कमरेवर, हनुवटी वर, एक पाय पुढं, तोंडावरची पावडर सुद्धा दिसतेय तशी ठेवलीय, उगाच गोड केलं नाही तिला, आणि मला हेच फार फार आवडतं. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत तिच्या नाचाची फिल्म काढली, अर्धं मिनिटही नाही, यूट्यूबवर मिळेल, घेर कसा फिरतो ते नक्की बघा.

परवा मोडनिंबच्या एक ताई ट्रायलला आल्या, लावणीच्या पार्टीत पंधरा वर्षं नाचतायत. चित्रासमोर बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "ढोलकी वाजायची राहिलीय अजून हिची." मग आरशासमोर तश्शाच उभ्या राहून मला म्हणाल्या, काठ दोन बोटं वर घ्या, घुंगरू झाकले जातायत.