टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली नाही

निवडणूक लागली की परवानाधारक आमच्या बंदुकांच्या दुकानात हत्यारं जमा करायला येतात. परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडायचा, नोंद करायची, पावती फाडायची. आमच्या सिंधुदुर्गात त्यातल्या बऱ्याच बंदुका शेतीसंरक्षणाच्या, ठासणीच्या एकनळी, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या. त्या दिवशी आलेल्या काकांचे कागद चोख होते. बंदूक वारसाने आलेली, दस्ता तेल लावून जपलेला.

"टोपी काढलंय मां, आता काय्येक होवचा नाय," ते म्हणाले. टोपी म्हणजे नळीच्या तळाशी निपल नावाच्या पोकळ बोंडीवर बसवायची स्फोटक टिकली; तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते.

ठासणीची बंदूक मागून उघडत नाही. त्यामुळे गजाशिवाय, म्हणजे नळीत घालायच्या लांब सळईशिवाय, खात्री नाही. नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून गज अलगद तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी चिमटीत खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावायचा. रिकामी असेल तर टोक निपलपाशी पोचतं. इथे ते चार बोटं अलीकडेच थांबलं. गेल्या पावसाळ्यात ठासलेला बार जसाच्या तसा आत होता, आणि बंदूक भरल्या एसटीतून आली होती.

"बाहेर नेऊन उडवून टाका," असं दुकानातल्या एकाने सुचवलं. असल्या सल्ल्याची मला चीड येते. काळी दारू ओल धरते. ओलसर दारू घोडा पडल्यावर काही क्षणांनी पेटू शकते, आणि तोवर माणूस नळी खाली करून बघायला लागलेला असतो. शिवाय त्याच ओलीने नळी तळाशी गंजून पातळ होते. टोपी नसली तरी निपलवर जुन्या टोपीचा चुरा चिकटलेला असू शकतो, त्यावर घोडा आपटला तर ठिणगी पडते. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी रिकामी समजून वर आणखी एक बार ठासला, तर नळीच फुटू शकते.

आम्ही निपलमधून पिचकारीने पाणी सोडलं, तोंडातूनही ओतलं, आणि दारूचा चिखल होईपर्यंत बंदूक तशीच ठेवली. मग टोकाला स्क्रू असलेला पेचाचा गज फिरवून वरची चिंधी ओढली, छर्रे परातीत काढले, खालची चिंधी काढली, ओली दारू खरवडली. हे सगळं करताना अंग नळीच्या बाजूला, समोर कधीच नाही. शेवटी गरम पाणी, कोरडा कपडा, तेल.

काका बेफिकीर नव्हते. रात्री भातात डुकरं शिरली की अंधारात दारू मोजून, चिंधी ठासून, टोपी बसवेपर्यंत वाफा उलटलेला असतो. त्यांना हवा असतो तो हुसकावणीचा आवाज. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. म्हणून बंदूक भरूनच ठेवतात, आणि बार उडवला नाही तर तो काढणं एवढं किचकट. २०१६च्या शस्त्र नियमांनी सुरक्षा प्रशिक्षण आणलं, ते उत्तमच झालं. पण माझ्या पाहण्यातल्या वर्गांत मागून उघडणारी, काडतुसाची बारा बोअर हाताळायला शिकवतात, गजाची खूण कुणी शिकवत नाही.

शस्त्र कायद्याचं कलम १३(३) शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरून चालतं. त्याच कलमाच्या परंतुकात, ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते असंही लिहिलंय. मागून उघडणाऱ्या एकनळीतून काडतूस दोन सेकंदांत बाहेर येतं. तरी 'पुरेशी' ठरवताना टेबलामागचे साहेब फक्त पल्ला आणि पिकाचं क्षेत्र विचारतात. तशा बंदुकीसाठीच्या काकांच्या अर्जात मी 'सुरक्षितपणे रिकामी करता येत नाही' हे कारण पहिलं लिहायला लावलंय.