छताचा आवाज

दादा रजेवर घरी आले की पिशवी खाली ठेवण्याआधी कोपऱ्यातली काठी उचलत आणि आमच्या धाब्याच्या घराच्या तुळया एकेक करून ठोकून पाहत. लहानपणी मला वाटायचे की सगळ्यांचेच वडील घरी आल्यावर असे करत असतील. ठणठणीत आवाज आला तर छत पक्के आणि बद्द आवाज आला तर आतून काहीतरी सुटलेले, ही पारख त्यांना चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत आली होती. तिथे या पारखेवरच माणसांचा जीव अवलंबून असे.

आमचे गाव यावल तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला, बैल विकावे लागले आणि अर्धे गाव खडी फोडायला गेले. दादांनी मात्र भुसावळहून गाडी धरली, वर्ध्याला बदलली आणि एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर खाणीत लोडर म्हणून नाव लावले. लोडरने टोपलीने कोळसा उचलून टब भरायचे आणि जितके टब भरतील तितकी मजुरी मिळवायची. १ मे १९७३ला तिकडच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दादांची नोकरी कायम झाली. त्या दिवसाची आठवण ते सणासारखी सांगत.

आत खोदताना कोळशाचेच मोठे खांब जागेवर सोडतात, त्यांच्यामधून वाटा काढतात आणि छताला लाकडी टेकू देतात. पुढे हे खांबही काढून घ्यायची वेळ येते, तेव्हा मागचे छत मुद्दाम पडू दिले जाते. त्या आधी टेकू कुरकुरू लागतात आणि ती कुरकुर ऐकू आली की हातातले सोडून बाहेर पडायचे असते. एकदा छताचा एक कपचा दादांच्या कपाळावर पडला. जखम भरली, पण तिच्यात गेलेली कोळशाची पूड कातडीखालीच राहिली आणि कपाळावर कायमची निळसर रेघ उमटली. मी तिच्यावरून बोट फिरवायचो, तेव्हा ते डोळे मिटून बसत.

गावात मात्र त्यांच्या कामाची कोणाला कल्पना नव्हती. लोकांना दिसे ती दर महिन्याची मनीऑर्डर. तिच्यामागे माय एकटी कपाशी निंदत होती, रात्रीच्या पाळीचे पाणी भरत होती आणि आम्हा तीन भावंडांना वाढवत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जात, झोके बांधले जात. माय कधीच गेली नाही, कारण दादांची रजा नेमकी तेव्हाच असे. खाण कामगाराचे कष्ट सांगताना लोक खाणीपाशी थांबतात, याचे मला वाईट वाटते, कारण ती नोकरी आमच्या घरात दोघांनी केली.

२७ डिसेंबर १९७५ला झरियाजवळच्या चासनाला खाणीत पाणी फुटून सुमारे ३७५ कामगार बुडाले. रेडिओवर बातमी आली, तेव्हा मायला एवढेच कळले की खाणीत पाणी शिरले. ती खाण तेव्हाच्या बिहारात आहे, दादांपासून शेकडो मैल दूर आहे, हे मास्तरांनी नकाशा काढून समजावले तरी ती मान हलवत राहिली. दादांचे पोस्टकार्ड येईपर्यंत तिने घरात गोड केले नाही.

दर पाच वर्षांनी छातीचा एक्स-रे काढला जाई आणि प्रत्येक वेळी कागदावर सारे ठीक असल्याचेच लिहिलेले असे. २००२ला ते निवृत्त झाले आणि वर्षभरात जळगावच्या एका डॉक्टरने तीच छाती पाहून विचारले, "हे किती वर्षांपासून आहे?" फुप्फुसात साचलेली धूळ परत निघत नाही. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना आडवे होता येत नव्हते. ते खाटेवर बसून, उशीवर हात टेकून रात्र काढत. दीपनगरच्या वीजकेंद्राकडे निघालेले कोळशाचे वॅगन भुसावळच्या फाटकाशी दिसले की मला अजूनही त्यांचा तो बसलेला श्वास ऐकू येतो.

धाब्याचे घर आम्ही पाडले नाही. मृग लागण्याआधी माय तीच काठी घेऊन तुळया ठोकते, आणि चुलीजवळच्या तुळईपाशी थांबून मला हाक मारते, "ऐक बरं, हा आवाज बरोबर आहे का?"