आमची वाटचाल : सोन्याचा कण आणि खरा आकडा

२०१६ साली कोथरूडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी रेडिएशनचा डोस कॉम्प्युटरवर मोजून देण्याचं काम सुरू केलं. त्याआधी मी एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होतो. कॅन्सरचे पेशंट ज्याला 'शेक' म्हणतात, त्या रेडिएशनचे प्लॅन करायचो. शेजारच्या निरोगी अवयवाला इजा नको म्हणून गाठीचा डोस आवरता घ्यावा लागे, आणि ते दर वेळी मनाला लागायचं. म्हणून सोन्याचे नॅनोकण डोक्यातून जाईनात. सोन्याचा अणुक्रमांक ७९. गाठीत हे कण असले की क्ष-किरण तिथे जास्त शोषले जातात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि डोस तिथल्या तिथे वाढतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुसत्या क्ष-किरणांवर वर्षभरानं २० टक्के उंदीर जिवंत होते, सोन्याची जोड दिल्यावर ८६ टक्के.

पहिलं काम एका प्राध्यापकांचं : एका कणाभोवती डोस किती वाढतो ते जिअँट-४ मध्ये काढायचं. किरण आणि इलेक्ट्रॉन पदार्थातून कसे जातात ते कॉम्प्युटरवर आजमावणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, म्हणून तर आमचा जम बसला. टेबलफॅनचा वारा देत कॉम्प्युटर चार रात्री चालवला. कणाला लागून डोस उसळायला हवा होता, तो जेमतेम हलला. आठवडाभर ओळ न् ओळ तपासली. चूक 'कट'ची निघाली. कट म्हणजे प्रोग्रॅममध्ये ठरवलेलं एक अंतर. त्या अंतराहून कमी पल्ल्याचे बरेचसे इलेक्ट्रॉन प्रोग्रॅम वेगळे सोडतच नाही, आणि आपण काही सांगितलं नाही तर तो कट ०.७ मिलिमीटर धरतो. आमचा कण ५० नॅनोमीटरचा! किरण शोषल्यावर अणूतून सुटणाऱ्या, अगदी कमी पल्ल्याच्या ज्या ऑजे इलेक्ट्रॉनांसाठी सगळा खटाटोप, ते मोजणीत नव्हतेच. प्राध्यापकांना त्याच दिवशी फोन केला आणि सगळं काम आमच्या खर्चानं पुन्हा केलं.

पुढचे बहुतेक ग्राहक ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) किरणांचा आकडा मागत, कारण रुग्णालयातली मशिनं तीच. पण त्या ऊर्जेला कॉम्प्टन विखुरणं, म्हणजे किरण शोषला न जाता इलेक्ट्रॉनला धडकून दिशा बदलणं, वरचढ ठरतं, सोन्याच्या मोठ्या अणुक्रमांकाचा फारसा फायदा उरत नाही. अख्ख्या गाठीचा विचार केला तर वाढ थोड्याच टक्क्यांची. तसंच लिहून दिलं, दोन कामं गेली. पेशींवरच्या प्रयोगांत मात्र परिणाम गणितापेक्षा जास्त दिसतो. त्यात रासायनिक ताणाचा हात असतो आणि तो आमच्या मोजणीत येत नाही, हेही प्रत्येक अहवालात लिहितो.

आता आम्ही पाच जण आहोत. सध्या इरिडियम-१९२ या किरणोत्सारी स्रोताच्या ब्रेकीथेरपीवर काम चालू आहे. स्रोत गाठीपाशीच असतो, आणि ऊतींतून विखुरत जाताना त्याचे किरण मवाळ, म्हणजे कमी ऊर्जेचे होतात. सोन्याला ते मानवतात. स्रोतापासून १ सेंटिमीटर अंतराची मोजणी संपली, ५ सेंटिमीटरची अजून चालू आहे.