अठरा हजार सत्तावन्न पौंड

एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'नॉर्थ अँड साउथ'च्या शेवटच्या प्रकरणात नायिका नायकाला प्रेमाबद्दल एक शब्दही बोलत नाही. ती त्याला कर्ज देऊ करते. लंडनमध्ये हार्ली स्ट्रीटवरच्या घरात समोर कागद पसरून, त्याच्याकडे न बघता ती सांगते की माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडून आहेत, त्यांवर जेमतेम अडीच टक्के व्याज मिळतं. तुम्ही मला त्याहून बरं व्याज द्याल आणि तुमची गिरणीही चालू राहील. बोलता बोलता तिचा आवाज कापायला लागतो, ती कुठलासा कागद शोधू लागते, आणि जॉन थॉर्नटनला जे कळायचं ते कळतं.

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो आकडा पेन्सिलीने अधोरेखित केला. बीबीसीची २००४ ची मालिका पाहून या गोष्टीच्या प्रेमात पडलेले पुष्कळजण मला भेटतात. मालिकेत हाच व्यवहार रेल्वे स्टेशनवर होतो आणि चुंबनात संपतो. मालिका मलाही आवडते. पण पुस्तकातल्या त्या बंद खोलीत व्याजाचा दर सांगता सांगता दोन माणसं जवळ येतात, ते मला कितीतरी जास्त खरं वाटतं. त्या काळातल्या गिरण्यांवरच्या कादंबऱ्यांमध्ये कोणाचं प्रेम तडीला जायचं आणि कोणाचं नाही, हे शेवटी पैशावर ठरतं. गॅस्केलबाईंना ते पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ही कादंबरी सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात क्रमशः आली. त्याच्या आदल्या हिवाळ्यात लँकेशायरमधल्या प्रेस्टनला विणकरांनी दहा टक्के पगारवाढीसाठी लढा दिला होता. मालकांनी गिरण्यांना टाळं ठोकलं, बाहेरून माणसं आणली आणि १८५४ च्या मे महिन्यापर्यंत कामगार हरले होते. गॅस्केलबाई मँचेस्टरच्या. नवरा क्रॉस स्ट्रीटवरच्या युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या चॅपेलचा धर्मोपदेशक. त्यामुळे मालकांच्या घरचा चहा आणि कामगारांच्या घरचं आजारपण, दोन्हीकडे त्यांचं जाणं-येणं होतं. (मुंबईत कावसजी दावर यांनी ताडदेवच्या सूतगिरणीसाठी कंपनी काढली तीही १८५४ सालीच. ज्या धुरात ही कादंबरी घडते तो धूर आपल्याकडे यायची तयारी तेव्हा सुरू झाली होती.)

या प्रेमकथेतली वर्गाची भांडणं सरळ गरीब-श्रीमंत अशी नाहीत, म्हणून ती इतकी चांगली जमली आहे. नायिका मार्गारेट हेल ही दक्षिण इंग्लंडातल्या हॅम्पशायरमधल्या खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी. वडिलांनी धर्माविषयी मनात शंका आली म्हणून नोकरी सोडली, आता हाताशी पैसा नाही, पण कुटुंब घरंदाज. थॉर्नटन उत्तरेकडच्या मिल्टन या काल्पनिक शहरातला बडा गिरणीमालक, पण व्यापारातला माणूस. तिच्या लेखी तो 'सभ्य गृहस्थ' नव्हेच. त्याच्या वडिलांनी सट्ट्यात बुडून आत्महत्या केलेली. पोरवयात तो कापडाच्या दुकानात लागला. आठवड्याला १५ शिलिंग यायचे, त्यांतले ३ आईने बाजूला ठेवायला लावले. त्या तीन शिलिंगांवर त्याचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे: मी वाचवले, मी वर आलो, जे वर येत नाहीत त्यांचाच दोष. कर्ज मागायला आलेल्यांत अशी माणसं मी खूप पाहिली. ती कर्तबगार असतात, व्यवहाराला चोख असतात आणि दुसऱ्याच्या अडचणीबाबत फार कठोर असतात.

हा माणूस मार्गारेटच्या वडिलांकडे ग्रीक शिकायला येतो. एका संध्याकाळी ती चहा ओतत असते. हातातलं कडं सारखं मनगटावर घसरतं, ती ते वर सारते, ते पुन्हा घसरतं, आणि थॉर्नटन बघत राहतो. त्याच बैठकीत तो ऐकवतो की कामगारांचे हाल म्हणजे त्यांनी पूर्वी केलेल्या चैनीची शिक्षा आहे. निघताना तो हात पुढे करतो आणि ती नुसती मान लववते. तिच्याकडे तशी रीत नसते, पण तो अपमान घेऊन जातो. पुढे त्याच्याच घरच्या मेजवानीत पहिल्यांदा दोघांचे हात मिळतात. त्याला त्याची पुरेपूर जाणीव असते, तिला बिलकूल नसते. एका हस्तांदोलनाला दहा प्रकरणं लावणारी लेखिका वाचकावर किती विश्वास ठेवत असेल!

मग संप होतो. थॉर्नटन आयर्लंडहून माणसं आणतो, चिडलेला जमाव गिरणीच्या आवारात घुसतो आणि मार्गारेट त्याला म्हणते, खाली जा, त्यांच्याशी माणसासारखं बोला. तो जातो. दगड फेकले जाणार हे दिसताच ती धावत जाऊन त्याच्या आड उभी राहते आणि दगड तिच्या डोक्याला लागतो. दुसऱ्या दिवशी तो लग्नाची मागणी घालतो. ती त्याला जे उत्तर देते, तिथे प्रेम आणि वर्ग एकमेकांत असे गुंततात की सोडवता येत नाहीत. ती म्हणते, त्या गर्दीतल्या कुठल्याही हताश माणसाबद्दल मला तुमच्यापेक्षा जास्त कळवळा होता. मालकाला नकार देताना ती त्याच्याच कामगारांची बाजू घेते. एवढं दुखवणारं दुसरं काही तिला सापडलं नसतं.

इथपर्यंत बहुतेकांना आठवतं. मला त्यापुढे बेसी हिगिन्सबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बेसी मार्गारेटच्याच वयाची, एकोणीस वर्षांची. आई गेल्यावर ती कार्डिंग म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यात कामाला लागली आणि कापसाचे तंतू छातीत गेले. ती मार्गारेटला सांगते की काही ठिकाणी हवा खेळती ठेवायला मोठं चाक बसवतात, त्याने धूळ बाहेर जाते. पण त्याला पाचसहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काही निघत नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात. वर ती असंही ऐकवते की काही कामगारांनाच ते चाक नको असतं. तंतू गिळायची सवय झालेली, हवा स्वच्छ झाली की भूक जास्त लागते. मग त्यासाठी पगार वाढवून द्या म्हणतात. ही ओळ मला पुढे वाचू देत नाही. भूक मरावी म्हणून फुप्फुसं देणारी माणसं! मार्गारेटच्या बँकेतल्या रकमेत अशी तीस चाकं बसली असती. हा हिशेब गॅस्केलबाई मांडत नाहीत, मी मांडला. दोन्ही आकडे मात्र त्यांनी पुस्तकात आणून ठेवले आहेत. बेसीला प्रेमकथा नाही. पुस्तकाच्या मध्यावरच ती जाते.

तिचा बाप निकोलस हिगिन्स हा युनियनचा खंदा माणूस. या कादंबरीतलं सगळ्यात मोठं परिवर्तन, म्हणजे थॉर्नटनचं, मार्गारेटमुळे होतं असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ती हिगिन्सला थॉर्नटनच्या दारात पाठवते हे खरं. बाउचर नावाच्या, संपात कोलमडलेल्या कामगाराने जीव दिलेला असतो, त्याची बायकोही जाते, आणि त्या पोरांना पोसायला हिगिन्सला काम हवं असतं. थॉर्नटन त्याला झिडकारतो. नंतर त्याला कळतं की हा माणूस आपल्याशी बोलायला पाच तास उभा होता. पाच तास! पंधरा शिलिंगांतून तीन वाचवणाऱ्याला वेळेची किंमत बरोबर समजते. तो चौकशी करतो, सांगितलेलं सगळं खरं निघतं, आणि गिरणीमालक स्वतः कामगाराच्या घरी जाऊन त्याला काम देतो. त्याला बदलणारी पहिली गोष्ट ही.

दुसरी गोष्ट खानावळीची. हिगिन्सच्या घरी करपून काळं पडलेलं जेवण थॉर्नटनला दिसतं. घाऊक भावाने शिधा आणून एकत्र रांधलं तर किती वाचेल, याचा तो हिशेब करतो. हिगिन्सला त्याची योजना आधी आवडत नाही. काही दिवसांनी तो जवळजवळ तीच योजना स्वतःची म्हणून घेऊन येतो. थॉर्नटनला राग येतो, पण तो गिळून शिधा आणून देणाऱ्याचं काम पत्करतो. कामगार चुलीचं आणि जागेचं भाडं त्याला देतात. एक सज्जन दहा पौंड देणगी देऊ बघतात, तेव्हा तो ती नाकारतो, कारण याचं दानधर्मात रूपांतर झालेलं त्याला नको असतं. आणि कामगारांनी बोलावलं तरच तो त्यांच्या पंगतीला बसतो.

माझी आजी लालबागला चाळीतल्या खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. महिन्याच्या पगाराला हिशेब चुकता व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, आणि तिच्या वहीत येणे बाकीचं पान संपेना. काहीजण गावी गेले ते परत आले नाहीत. तिने कोणाला ताट नाकारलं नाही, पण फुकटही कोणाला वाढलं नाही. सगळं वहीत लिहिलं जायचं, कारण नाव लिहिलं की माणूस मिंधा राहत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे थॉर्नटन दहा पौंड नाकारतो त्या पानावर मला तो माणूस पहिल्यांदा आवडला. लग्नाच्या मागणीच्या प्रसंगात नव्हता आवडला.

आता कामगारांच्या प्रेमाचं काय होतं ते बघा. डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मध्ये स्टीफन ब्लॅकपूल या विणकराचं रॅचेलवर प्रेम आहे, पण दारूच्या आहारी गेलेल्या बायकोशी त्याचं लग्न झालेलं आहे. तो मालकाकडे सल्ला मागायला जातो, तर मालक सांगतो की घटस्फोटाचा कायदा आहे, हजार ते दीड हजार पौंड लागतील, कदाचित त्याच्या दुप्पटही. १८५७ पर्यंत इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदाच करून घ्यावा लागायचा. स्टीफन जन्मभर माग चालवूनही ती रक्कम जमवू शकला नसता. तो एका पडक्या खाणीच्या खड्ड्यात पडून मरतो आणि रॅचेल एकटी काम करत राहते.

गॅस्केलबाईंच्या पहिल्या कादंबरीत, १८४८ च्या 'मेरी बार्टन'मध्ये, कामगाराची मुलगी गिरणीमालकाच्या मुलावर भाळते. हॅरी कार्सन लग्नाची गोष्ट काढतो ती थेट मेरीने त्याला नाकारल्यावर. आधी तसा विचारच नव्हता, हेही तो तिच्या तोंडावर सांगतो. पुढे संपातल्या वाटाघाटींच्या वेळी तो फाटक्या कपड्यांतल्या कामगारांचं टिंगल करणारं चित्र काढतो, ते त्यांच्या हाती लागतं, आणि त्याला मारण्यासाठी त्याच कागदाच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. चिठ्ठी मेरीच्या बापाला येते. मेरी आणि जेम विल्सन या कामगार जोडप्याचा संसार शेवटी उभा राहतो, पण कॅनडात. डिझरेलीच्या 'सिबिल'मध्ये (१८४५) तर सरदाराचा मुलगा चार्टिस्ट, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीतल्या, कामगार पुढाऱ्याच्या मुलीवर प्रेम करतो खरा, पण लग्नाआधी कागदपत्रं निघतात आणि ती मूळची जहागीरदारीण ठरते. भिंत ओलांडायची वेळच येत नाही. या पळवाटेचा मला राग येतो. गॅस्केलबाईंनी निदान मालकाच्या मुलाला आणि कामगाराच्या मुलीला खोट्या वारसपत्रावर एकत्र आणलं नाही.

मार्गारेटची रक्कमही वारसाहक्कानेच आलेली आहे, हे मान्य. वडिलांचे स्नेही मिस्टर बेल, जे थॉर्नटनच्या गिरणीच्या जागेचे मालक होते, ते मिळकत तिच्या नावावर ठेवून जातात. म्हणजे शेवटच्या दृश्यात ती त्याची जमीनमालकीण आहे, होणारी सावकार आहे, आणि तो दिवाळखोरीच्या काठावर आहे. तेही बहिणीच्या नवऱ्याने सुचवलेल्या सट्ट्यात लोकांचे पैसे घालायला नकार दिल्यामुळे. तो सट्टा इतरांना फळतो. बापाच्या वाटेने न गेल्याबद्दल त्याला गिरणी गमवावी लागते. अशा माणसाला मी तारण न मागता कर्ज मंजूर केलं असतं.

पण तिचं हे वरचढ असणं किती काळचं? लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने बायकोची रोकड लग्नाच्या दिवशीच नवऱ्याची व्हायची. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणून मार्गारेट हे पैसे कर्ज म्हणून देते, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ज्या क्षणी ती बोलते आहे त्या क्षणी ते तिचे आहेत, ती अटी घालू शकते, व्याज मागू शकते. पुढे काय, ते पुस्तक सांगत नाही. ते दोघांच्या घरची माणसं काय म्हणतील यावरच्या दोन वाक्यांत संपतं.

स्वतः गॅस्केलबाईंनी १८६५ साली लिखाणाच्या कमाईच्या जोरावर हॅम्पशायरमध्ये, मार्गारेटच्याच परगण्यात, होलीबर्न गावी घर घेतलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही. घर पूर्ण सजलं की त्याला दाखवायचं होतं. ते जमायच्या आत, १२ नोव्हेंबर १८६५ ला, त्याच घरात त्यांचं अचानक निधन झालं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि आपल्या पैशाचं काय करायचं हे त्यांनी एकटीने ठरवलं होतं.